उजवा खांदा

"तुमचा खांदा हलतो, बाई," असं शिंपीकाका म्हणाले तेव्हा ती त्यांच्या कानांवरून हेडफोन काढत होती, आणि क्षणभर तिला वाटलं की म्हातारबुवा तिच्या पांढऱ्या कोटाच्या शिलाईला नावं ठेवताहेत. तसं असतं तर त्यात वावगं काही नव्हतं. हॉस्पिटलचे कोट एकाच मापाचे येत आणि कुणालाच बसत नसत. त्रेचाळीस वर्षं दुकान चालवून दोन वर्षांपूर्वी ते बंद केलेला हा माणूस. आत पाऊल टाकल्या टाकल्या त्याने तिला नजरेनंच मापून घेतलं होतं आणि ते तिच्या ध्यानात आलं होतं. बाहेरच्या बाकावर त्यांची सून बसली होती. हाक मारली तर कळत नाही, दाराची घंटा कळत नाही, टीव्हीवरच्या बातम्या शेजाऱ्यांनाही घरबसल्या मिळतात, अशी तिची तक्रार होती, आणि ती तिने सासऱ्यांच्या समोरच, त्यांना कुठे ऐकू येतंय या भरवशावर, भडाभडा सांगून टाकली होती. आता तपासणीच्या कागदावर मात्र वेगळंच आलं होतं. अगदी बारीकशा आवाजालाही काकांनी बटण दाबलं होतं. म्हणून ती खुशीत आत गेली, ओठ नीट हलवत मोठ्यानं म्हणाली की काका, कान तर ठणठणीत आहेत की तुमचे. त्यावर ते ओशाळल्यासारखे हसले आणि खांद्याचं बोलले.

मग त्यांनी ते कसं ते समजावूनही सांगितलं. आयुष्यभर माणसांचे खांदेच बघितले, दुसरं काय बघितलं, असं म्हणाले. कुणाचा एक खांदा वर असतो, कुणाचा पुढे आलेला असतो, गिऱ्हाईक आरशासमोर ताठ उभं राहून कितीही लपवू दे, शिंप्याला ते दिसतंच. बाईंचा उजवा खांदा काचेपलीकडे कळ दाबताना बोटभर खाली येत होता, आणि मग बाई मान वर करून काकांकडे बघत होत्या. खांदा खाली आला की बटण दाबायचं, एवढं काकांना चौथ्या-पाचव्या वेळीच उमगलं होतं. तिने विचारलं, म्हणजे आवाज ऐकूच आला नाही? तर काही आले, जाडे जाडे होते ते आले, बारीक होते त्यांचं काही सांगता येत नाही. मग नसलेल्या आवाजाला बटण का दाबलंत, असं तिने विचारलं, जरा चढ्या सुरातच.

काका खाली मांडीवरच्या बटणाकडे बघत राहिले. "तुम्ही इतक्या आशेनं बघत होतात, बाई," ते म्हणाले. "नाही कसं म्हणायचं?"

एकोणतीस वर्षं ती हे काम करत होती. मऊ भिंतींची एक छोटी बंद खोली, तिला दुहेरी काचेची खिडकी, आत खुर्चीवर माणूस, बाहेर यंत्रापाशी ती. माणसाच्या हातात बटण द्यायचं आणि सांगायचं की शिट्टीसारखा आवाज येईल, कधी मोठा, कधी आला की नाही असं वाटण्याइतका लहान. आला की दाबा, नाही आला तर दाबू नका, घाई नाही. आवाज ऐकू आला की दहाने उतरवायचा, नाही आला की पाचाने चढवायचा, पुन्हा उतरवायचा, पुन्हा चढवायचा, असं करत करत त्या माणसाचा काठ शोधायचा, ज्याच्या अलीकडे त्याला ऐकू येतं आणि पलीकडे नाही. हे काम धीराचं आहे. शिकताना पहिल्याच आठवड्यात तिला सांगितलं होतं की माणसाला आपला हात दिसेल असं बसायचं नाही, बाजूला तोंड करून बसायचं. तशी ती वीस वर्षं बसलीही. मग नवीन यंत्र आलं, त्याची वायर आखूड निघाली आणि प्लग होता खिडकीसमोरच्या भिंतीला, म्हणून टेबल फिरवलं, आणि त्या दिवसापासून ती आतल्या माणसाच्या बरोबर समोर बसत आली. तिला ते आवडलं होतं. माणसांचे चेहरे दिसायचे. घाबरलेल्या माणसाकडे बघून हसता यायचं, मान हलवता यायची. विभागात तिचं नाव होतं की बाई फार प्रेमानं तपासतात. आता शिंपीकाकांच्या समोर उभं राहून तिने नऊ वर्षांचे कागद मनातल्या मनात चाळायला घ्यायला हवे होते. पण तिला आधी कागद आठवले नाहीत. तिला नवरा आठवला, टाक्यातून वर येताना.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चर्चच्या मागच्या बाजूला बाप्तिस्म्याचं टाकं होतं, त्याला आतून हिरवट रंग दिलेला होता आणि एका कोपऱ्यात तो पोपडे धरून निघाला होता. पाणी छातीपर्यंत. तिचे वडीलच तिथले पाळक होते. त्यांनी एक हात त्याच्या पाठीमागे आणि एक छातीवर ठेवून त्याला मागे झुकवलं, पाण्याखाली नेलं, वर काढलं. वर आल्यावर त्याने डोळ्यांवरचे केस बाजूला केले आणि सगळ्यात आधी तिच्याकडे बघितलं. ती तिसऱ्या रांगेत टॉवेल घेऊन उभी होती. ती रडत होती आणि हसत होती. इतकी वर्षं हे चित्र तिने जपलं होतं, माणसं घरातली एखादी किमती वस्तू जपतात तसं, क्वचित बाहेर काढायची आणि पुसून पुन्हा ठेवायची. आज पहिल्यांदाच तिने ते शिंप्याच्या नजरेनं बघितलं. वर आलेला माणूस आभाळाकडे बघत नव्हता, पाळकांकडे बघत नव्हता, आत कुठेही बघत नव्हता. तो तिचं तोंड बघत होता, की जमलं ना.

तिने काकांना सांगितलं की तपासणी पुन्हा करावी लागेल, शनिवारी सकाळी या. सुनेला सांगितलं की यंत्रात जरा बिघाड आहे. हे बोलताना आपण यंत्रावर ढकलतोय हे तिला कळलं, पण शब्द निघून गेले होते. मग ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली आणि त्यांना खरं ते सांगितलं, टेबल, काच, खांदा सगळं. डॉक्टर दोन मिनिटं ऐकत राहिले आणि म्हणाले की बहुतेक माणसं तपासणीत डोळे मिटून बसतात, सगळेच काही शिंपी नसतात, संशय वाटेल त्यांना पुन्हा बोलवा आणि खिडकीला पडदा लावा. पडदा लावणं इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. हॉस्पिटलच्या चादरी ठेवतात त्या खोलीतून एक जुनी हिरवी चादर आणली, दोन खिळे ठोकले. संध्याकाळपर्यंत तिने सहा जणांना पडद्याआडून तपासलं. समोर हिरवं कापड, हातात कळ, आणि पलीकडून बटण दाबलं की यंत्रावर लागणारा दिवा, लागला तर लागला. सहा माणसांपैकी एकाचंही तोंड तिला दिसलं नाही आणि दिवसाअखेरी तिला उगाचच उपाशी राहिल्यासारखं वाटत होतं.

घरी नवरा तिच्या आधी आलेला होता. तो पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा, जमिनीखालून कुठला नळ कुठून जातो त्याचे. खात्यात त्याची एक ख्याती होती की स्वतः उभं राहून खोदून बघितल्याशिवाय हा माणूस कागदावर नळ काढत नाही. जुन्या लोकांच्या आठवणीवर, अंदाजावर, साहेबांच्या सांगण्यावर त्याची पेन्सिल हलायची नाही. असा माणूस घरी आणि बाहेर मात्र इतका भिडस्त, की बघणाऱ्याला हसू यावं. न्हाव्यानं केस वाईट कापले तरी छान म्हणणार आणि पुढच्या महिन्यात त्याच्याकडेच जाणार. दुकानदारानं चार छत्र्या उघडून दाखवल्या, आता त्याला वाईट वाटेल म्हणून छत्री घेऊन येणार; घरात अशा तीन होत्या. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिने केलेली एक भाजी त्याने दोनदा मागून खाल्ली, म्हणून ती पुढे आठ वर्षं दर आठवड्याला करत राहिली, आणि मग एकदा नणंदेकडून कळलं की ती भाजी त्याला लहानपणापासून खाववत नाही. तेव्हा ती पोट धरून हसली होती. चर्चच्या मंडळीत ही गोष्ट सांगून तिने बायकांनाही हसवलं होतं. आज चपला काढता काढता ती गोष्ट पुन्हा आठवली आणि तिला अजिबात हसू आलं नाही. आठ वर्षं.

तिच्या डोक्यात आता हिशेब सुरू झाला तो काही केल्या थांबेना. तो देवाकडे आला तो तिच्यामुळे, हे तर तिच्या आयुष्यातलं सगळ्यात ठाम वाक्य होतं. आणि त्यात तिला अभिमान होता तो हा, की तिने कधी जबरदस्ती केली नाही. वाद घातला नाही, पत्रकं हातात कोंबली नाहीत, नरकाची भीती घातली नाही. तेव्हा तो हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीतले नळ शोधायला येत असे आणि तिच्या टेबलाशेजारच्या जमिनीवर उकिडवा बसून फरशी ठोकून बघत असे. तिने त्याला फक्त एकदा रविवारी ये म्हटलं. तो आला. मग येत राहिला. दोन वर्षं तो तिच्याशेजारी बसला आणि दोन वर्षं तिने त्याला काही विचारलं नाही. फक्त बघितलं. गाणं सुरू झालं की डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची, याच्या ओठांवर येतंय का. वडील प्रवचनात एखादं वाक्य असं बोलायचे की तिच्या अंगावर काटा यायचा, की लगेच बघायची, याला पोचलं का. मंडळीनं मान खाली घालून प्रार्थना सुरू केली की तिचा एक डोळा किलकिला उघडा असायचा. एका रविवारी वडिलांनी म्हटलं की ज्याला प्रभूला होय म्हणायचं आहे त्याने उठून उभं राहावं, आणि तो उभा राहिला. उभं राहण्याआधी त्याने तिच्याकडे बघितलं होतं. खांदा हलला असेल का आपला तेव्हा? हलला असणारच. दोन वर्षं सारखा हलत असणार. तिला तो धीर वाटत होता आणि समोरच्या माणसाला ते काचेपलीकडून स्वच्छ दिसत होतं.

यात भर म्हणून रविवारी चर्चच्या महिला मंडळात तिची साक्ष होती, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगायचा होता. विषय मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी सुंदर अक्षरात फळ्यावर लिहून ठेवला होता, धीराने आणि नम्रतेने विश्वास इतरांपर्यंत पोचवणे, आणि त्याखाली तिचं नाव. या विषयावर दुसऱ्या कुणाचं नाव मंडळीत कुणाला सुचलंच नसतं. तीन-चार वर्षांनी एकदा ती ही साक्ष देत आली होती आणि आता ती तिला इतकी तोंडपाठ होती की कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, टाक्यापाशी आल्यावर बायका रुमाल कधी काढतात, सगळं माहीत होतं. नव्यानं लग्न झालेल्या मुली नंतर येऊन हात धरून विचारायच्या, ताई, आमच्या ह्यांचं कसं करू. ती सांगायची, काही करू नकोस, धीर धर, प्रेमानं राहा. ती हे सांगायची तेव्हा आपण नम्र आहोत असं तिला अगदी मनापासून वाटायचं.

तिला वडील आठवले. वडिलांनी सहा वर्षं एका चांभाराकडे दर बुधवारी जाऊन बसायचा नेम ठेवला होता. चर्चच्या वळणावर त्याची टपरी होती. वडील तिथल्या खोक्यावर बसायचे, चामड्याच्या, खिळ्यांच्या, त्याच्या मुलीच्या परीक्षेच्या गप्पा मारायचे आणि उठायचे. चांभार चेष्टेनं विचारायचा, "काय पाळकबुवा, आज देवाकडची काही खबर?" आणि वडील पाय वर करून म्हणायचे, "आज काही नाही. आज फक्त टाच झिजलीय." दोघेही हसायचे. ती तेव्हा चौदा वर्षांची होती आणि तिला लाज वाटायची. वर्षाच्या शेवटी मंडळीच्या अहवालात किती नवीन माणसं आली त्याचा रकाना असे, आणि वडील तिथे कित्येक वर्षं शून्य लिहीत. चांभार शेवटपर्यंत चर्चच्या पायरीवर आला नाही. वडिलांना त्यानं काही वाटलं असेल तर त्यांनी बोलून दाखवलं नाही. तिने मात्र मनात कुठेतरी नोंद करून ठेवली होती की वडिलांना सहा वर्षांत जमलं नाही ते आपण दोन वर्षांत केलं. ही नोंद इतकी खोल ठेवलेली होती की तिची तिलाही आज, चादरीचा पडदा लावलेल्या दिवशी, ती पहिल्यांदा सापडली.

शनिवारी सकाळी शिंपीकाका आले. तिने त्यांना पडदा दाखवला आणि सांगितलं की आता मी दिसणार नाही. ते जरा नाराज झाले. तिने हातात बटण दिलं आणि तेच सांगितलं जे ती रोज सांगायची, पण या वेळी एक वाक्य जास्त सांगितलं, कागदावर मोठ्या अक्षरात लिहूनही दाखवलं, की ऐकू न येणं हा तुमचा दोष नाही आणि नाही आलं तर मला वाईट वाटणार नाही. काकांनी तो कागद बराच वेळ वाचला. मग ती पडद्यामागे गेली. या खेपेस दिवा फार कमी वेळा लागला. ती आवाज चढवत गेली, पाच, आणखी पाच, पुन्हा पाच, आणि पलीकडे काहीच नाही. कळ दाबायची आणि थांबायचं. तिला एकदा वाटलं म्हातारा झोपला की काय. पडदा सारून बघायला हात निघाला आणि तिने तो परत मांडीवर ठेवला. शेवटी कुठेतरी बऱ्याच वर दिवा लागला, अडखळत, जरा उशिरा, पण खरा. कागद तयार झाला तो वाईट होता. सून म्हणत होती ते सगळं खरं होतं. काकांना बाहेर आणून तिने तो दाखवला, आणि आता कानाला यंत्र लावावं लागेल म्हणून ते खट्टू होतील असं तिला वाटलं. पण ते तो कागद हातात धरून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, हे माझं माप आहे. सुनेनं मान दुसरीकडे फिरवली. कान गेले तरी यांना चेहरे वाचता येतात, आणि इतके दिवस आपण यांच्यासमोर काय काय बोललो ते बहुधा तिला आठवत असावं.

शनिवारी तिची पाळी अर्धाच दिवस असे. दुपारी ती घरी आली, दोघांची ताटं वाढली, समोरासमोर बसली. त्यांच्या घरात जेवणाआधी प्रार्थना ती करत असे. म्हणजे असं काही ठरलेलं नव्हतं. ती हात जोडायची, तो जोडायचा, ती चार वाक्यं बोलायची, तो आमेन म्हणायचा. आज तिने हात जोडले नाहीत. ठरवून जोडले नाहीत. हात टेबलाच्या कडेला ठेवले आणि ताटाकडे बघत राहिली. त्याचे हात अर्धवट वर आले होते ते तसेच थांबले. तो तिच्याकडे बघत होता हे तिला न बघता कळत होतं. भातावरची वाफ हळूहळू कमी झाली. मग त्याने काय झालं विचारलं आणि तिने शिंपीकाकांची हकीकत सांगितली, पहिल्यापासून, काही न वगळता. तो हसला नाही. खांद्याचं ऐकताना त्याने एकदा तिच्या खांद्याकडे बघितलं. तिला पुढचं विचारायचं होतं आणि विचारताना तिचं तोंड त्याला दिसायला नको होतं. ती पाणी आणायच्या निमित्ताने उठली, मोरीशी गेली आणि त्याच्याकडे पाठ करून तिथेच उभी राहिली. नळ सोडला नाही. समोर भिंतीवर एक फरशी चिरलेली होती.

"तुला कधी काही ऐकू आलं का?" तिने विचारलं. "माझ्याकडे न बघता."

मागे नुसती शांतता होती, आणि एकोणतीस वर्षांत शिकलेलं सगळं तिला इथे कामाला लावावं लागलं. मदत करायची नाही. मान हलवायची नाही. त्याला सोपं जावं म्हणून दुसरं काही बोलायचं नाही. तिच्या उजव्या खांद्यात एक कळ भरून आली होती आणि ती तिने तशीच धरून ठेवली. तिला फार भीती वाटत होती. तो नाही म्हणाला तर सव्वीस वर्षं एका भल्या माणसाला आपण शेजारी बसवून ठेवलं असं होणार होतं, आणि होय म्हणाला तर ते होय कसलं, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

"टाक्यात नाही," तो म्हणाला. "पाणी गार होतं एवढंच. तुला आनंद होईल असं वाटत होतं."

ती चिरलेल्या फरशीकडे बघत राहिली. तो उठून जाईल असं तिला वाटलं, पण खुर्ची वाजली नाही. मग तो पुन्हा बोलायला लागला, आणि नळांचे नकाशे समजावून सांगताना लावायचा तसा सपाट आवाज लावून त्याने सांगितलं. तिचे वडील शेवटचे आठ महिने त्यांच्याकडे होते, अंथरुणाला खिळलेले, बोलणं गेलेलं. त्यांची दाढी तो एक दिवसाआड करायचा. अशाच एका सकाळी ती कामावर गेलेली होती. अर्धी दाढी झाली होती आणि वडिलांनी त्याचं मनगट धरलं. धरलं म्हणजे नुसता हात ठेवला, धरायची ताकद नव्हतीच. "तेव्हा," तो म्हणाला. "मग मी बसलोच तिथे. साबण वाळून गेला त्यांच्या गालावर. तू आल्यावर विचारलंस, अर्धी दाढी कशी काय राहिली. मी म्हटलं, ब्लेड बोथट होतं."

तेव्हा काय, हे त्याने सांगितलं नाही. तिला ती अर्धी दाढी आठवली. ती त्याला रागावली होती, आजाऱ्याचं असं अर्धवट काम ठेवतात का म्हणून, आणि स्वतः नवं ब्लेड घेऊन उरलेला गाल केला होता. वडील छताकडे बघत होते. त्या गोष्टीला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं तो तिच्याशेजारी बसून गात होता आणि तिने त्याच्याकडे कोपऱ्यातून बघणं कधीच सोडून दिलं होतं, कारण तिच्या लेखी ते काम झालेलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

"तू साक्षीत सांगितलं असतंस."

त्याने ते रागानं म्हटलं नव्हतं. छत्री का आणलीस विचारल्यावर तो ज्या सुरात उत्तर द्यायचा त्याच सुरात म्हटलं होतं. तिला ते लागलं, आणि ते खरं होतं म्हणून लागलं. तिने नळ सोडला, तांब्या खाली धरला. मागे काही आवाज नव्हता. मग ताटाला हात लागल्याचा आवाज आला. मधल्या वेळात त्याने मान खाली घातली होती की नाही हे तिला कळलं नाही. तांब्या भरून वाहायला लागला तरी ती तशीच उभी होती.

रविवारी महिला मंडळाला पन्नासेक बायका होत्या. फळ्यावर तिचं नाव होतं. तो नेहमीप्रमाणे मागे खुर्च्या लावायला आला होता आणि लावून झाल्यावर दाराशी उभा होता. ती पुढे गेली, टेबलापाशी उभी राहिली आणि समोरच्या बायकांची तोंडं तिला दिसली, सगळी वर केलेली, आधीच मऊ झालेली. सेक्रेटरीबाईंच्या हातात रुमाल होता. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आत्ता तिच्याजवळ जी गोष्ट आहे तशी तिच्याजवळ कधीच नव्हती. टाक्याची गोष्ट तिच्यापुढे काहीच नाही. मुका म्हातारा, जावयाचं मनगट, गालावर वाळलेला साबण, आणि बारा वर्षं कुणाला न सांगता ठेवलेलं. नुसतं वाळलेला साबण म्हटलं असतं तरी त्या पन्नास बायका हुंदके देऊन रडल्या असत्या, आणि देवाचं कामच झालं असतं, कुणी नावं ठेवली नसती. पहिलं वाक्य जिभेवर येऊन थांबलं होतं. माझ्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांत, एवढंच म्हणायचं होतं, पुढचं आपोआप आलं असतं. तिने दाराकडे बघितलं नाही. समोरच्या टेबलावर पाण्याचा पेला होता, तो उचलून एक घोट घेतला.

मग तिने सांगितलं की मी इतकी वर्षं तुम्हाला सांगत आले की मी धीर धरून माझ्या नवऱ्याला प्रभूकडे आणलं. मी बघत बसले होते, धीर धरला नव्हता. त्याचं आणि देवाचं काय आहे ते मला माहीत नाही, आणि ते सांगणं माझं काम नाही. माझे वडील सहा वर्षं एका चांभाराकडे जाऊन बसत, तेवढं मला आलं असतं तर बरं झालं असतं. एवढं बोलून ती खाली बसली. सगळं मिळून दोन मिनिटंही झाली नव्हती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पुढच्या रांगेतल्या एका नव्या नवरीनं सेक्रेटरीबाईंना हळूच विचारलं की आता टाक्याचं सांगणार का, आणि सेक्रेटरीबाईंनी रुमाल पर्समध्ये ठेवला आणि कार्यक्रम हातचा जाऊ नये म्हणून घाईघाईनं शेवटच्या प्रार्थनेला उठवलं.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. सेक्रेटरीबाईंना प्रार्थना लांबवायची सवय होती आणि आज तर भरून काढायला वेळही पुष्कळ होता. आजाऱ्यांची नावं झाली, परीक्षेला बसलेल्यांची झाली, प्रवासातल्यांची झाली. अशा वेळी पूर्वी तिचा डावा डोळा किलकिला होऊन त्याच्याकडे जात असे; लग्नाहून जुनी ही सुटलेली सवय आज परत आली होती. तिला तो उघडावासा वाटत होता. आपण बोललो त्यावर त्याचा चेहरा कसा झाला, त्याने मान खाली घातली आहे की आढ्याकडे बघतोय, त्याचे ओठ हलताहेत का, एवढंच बघायचं होतं, आणि बघितलं असतं तर त्याला ते दिसलं असतं. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. तो असेल, नाहीतर दुसरं कुणी असेल. तिने दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले आणि खांदे सैल सोडून दिले.